बोटीत चढण्याआधीच लागलेली बोट

लेकीकडे लेस्टरला गेले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या इंग्रज घरात एक आजी होत्या, नव्वदीला टेकलेल्या. रोज दुपारी चार वाजले की कोट चढवायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायच्या. बस येणार आहे म्हणायच्या. कुठली बस, कुठे जायचंय, ते त्यांनाच ठाऊक. सहा वाजता त्यांची लेक येऊन हळूच कोट काढून घ्यायची. एकदा मी चहाला गेले असताना हेच चाललं होतं. लेकीनं कोट खुंटीला टांगला, माझ्याकडे वळली आणि अगदी मायेनं, दमलेल्या आवाजात म्हणाली की आई आता जरा 'डूलाली' झालीय.

माझा कप हातातच राहिला. मी देवळाली कॅम्पची. चौथ्या पिढीची. छत्तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, तेव्हा हा शब्द शब्दकोशात पाहिला होता, तो आमच्या गावावरून आला हेही ठाऊक होतं. पण कुणाच्या तोंडून, कुणा जित्याजागत्या माणसाविषयी ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. डोकं ठिकाणावर नसलेला, भ्रमिष्ट, कामातून गेलेला, असा त्याचा अर्थ. माणसातलं शहाणपण, भान, उमेद सगळं ओसरलं की उरतं त्याला विलायतेत आमच्या गावाचं नाव आहे.

तेव्हापासून मला हे सांगायचं आहे की त्या नावात आमचा गाव नाही. त्यात बोट आहे.

आधी शब्दच उलगडून बघू. देवळाली या नावात देऊळ आहे. खंडोबाच्या टेकडीवरचं देऊळ आजही कॅम्पावर लक्ष ठेवून उभं आहे. गोऱ्या माणसाला आपला 'ळ' कधी जमला नाही. त्यानं जुन्या कागदांवर गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहिलं आणि बोलताना पार डूलाली करून टाकलं. मूळ शब्दप्रयोग पुरता असा: 'डूलाली टॅप'. यातला टॅप म्हणजे पाण्याचा नळ नाही, डोक्यावरची टपलीही नाही. तो आपला ताप. हिंदुस्थानी बोलीतून सैनिकांनी उचललेला. देवळालीचा ताप. मराठीत आपण सहज म्हणतो, डोक्याला ताप झालाय. त्या जवळपासच तो शब्द राहत होता. पुढे ताप गळून पडला आणि नुसतं गाव उरलं. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या ब्रिटिश शिपायानं असे शब्द पोत्यानं घरी नेले. विलायतचं 'ब्लाइटी' झालं, खुशीचं 'कुशी', चिठ्ठीचं 'चिट', देखोचं 'डेको'. खुशी त्यांनी सुखाच्या नोकरीसाठी ठेवली, विलायत घरच्या ओढीसाठी, आणि देवळाली वेडासाठी. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश काढला, त्यात 'डूलाली टॅप' आला तो जुन्या फौजेचा शब्द म्हणून. म्हणजे छापला जाण्याआधी तो कितीतरी वर्षं तोंडातोंडी फिरत होता.

आता हा ताप इथेच का आला, ते.

१८५७ नंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गोऱ्या फौजेचं प्रमाण वाढवलं. साठ-सत्तर हजार गोरे सैनिक कायम इथे ठेवायचे, असा पुढचा शिरस्ता पडला. पण ते गोळ्यांनी मरत होते त्याहून जास्त पटकी, हगवण आणि तापानं मरत होते. १८६३ साली त्यांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी त्यामागे अपार कष्ट घेतले होते. वर्षाला हजारी ६९ मृत्यू, हा त्यातला आकडा. त्यामुळे मुंबई बंदरात उतरलेल्या किंवा बंदराकडे निघालेल्या शेकडो माणसांना मुंबईच्या दमट, रोगट हवेत ठेवायचं नाही, घाटावर ठेवायचं, हे शहाणपणाचंच होतं. त्याच सुमाराला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इकडे आली. १८६५ साली थळ घाटाचा चढ पुरा झाला आणि मुंबईहून इगतपुरीमार्गे नाशिक एका गाडीत आलं. आजही कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिनं लागतात, सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ आहे. घाट संपला, इगतपुरी, घोटी मागे पडली की मोकळं माळरान लागतं, खाली दारणेचं पाणी, आणि रात्री पांघरूण घ्यावं अशी हवा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपासची ही जागा सरकारच्या नजरेत भरली. १८६०च्या दशकात इथे छावणी पडली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही फौजांचा मुक्काम इथे. सुमारे पाच हजार माणसं राहतील एवढ्या बराकी उभ्या राहिल्या. 'रेस्ट कॅम्प रोड' हे नाव अजून आमच्या रस्त्याला आहे. विश्रांतीच्या छावणीचा रस्ता.

म्हणजे मुळात ही जागा निवडली ती चांगल्या हवेसाठी. हे मी ठासून सांगते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीच्या विरुद्ध घडलेलं आहे.

माणसं नेणाऱ्या-आणणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. १८६०च्या दशकात सरकारनं खास याच कामासाठी पाच मोठ्या बोटी बांधून घेतल्या: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पांढऱ्या रंगाच्या, प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर वाट जवळची झाली, पण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली उष्णता आणि नंतर अरबी समुद्रातला पावसाळा यांत माणसांनी खच्चून भरलेली बोट सोडणं म्हणजे वाटेतच माणसं मारणं. म्हणून फौजेची ने-आण व्हायची ती पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंत. मार्चची शेवटची बोट गेली की पुढची दिवाळीच्या आगेमागे. त्यात १८७० साली इंग्लंडात भरतीचा कायदा बदलला. जन्मभराच्या शिपाईगिरीऐवजी काही वर्षं पलटणीत आणि मग राखीव फौजेत, अशी अल्प मुदतीची भरती सुरू झाली. त्यामुळे दर वर्षी मुदत संपलेल्या माणसांची संख्या फुगली. देशभरच्या छावण्यांतून ही माणसं देवळालीत येऊन पडायची. वर्षभर कधीही. बोट असो वा नसो.

आमच्या घरात त्यांना 'मुदतवाले' म्हणत.

माझे पणजोबा नाव्ही. भगूरहून पायी छावणीत जायचे. भगूर आणि कॅम्प म्हणजे एकमेकांना खेटून. याच भगूरला १८८३ साली विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला, तेव्हा पणजोबा मिसरूड फुटायच्या वयाचे असतील. पुढे त्यांना बराकीचा पास मिळाला. हे सगळं मला आजोबांनी सांगितलं, आणि आजोबा वयाच्या दहाव्या वर्षापासून पणजोबांमागे कंदील धरून चालायचे, म्हणून त्यांचं सांगणं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाची दाढी तो झोपेत असतानाच व्हायची. पहाटे चारला धोपटी काखेत मारून पणजोबा बराकीत शिरायचे. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा. आजोबा कंदील खाली, खाटेच्या पायाशी धरायचे, म्हणजे उजेड डोळ्यांवर जात नाही. पणजोबा आधी दोन्ही तळवे कंदिलाच्या काचेवर शेकायचे. थंडीत गार हात गालाला लागला की माणूस दचकून उठतो आणि वस्तरा हातात असतो. मग साबणाचा फेस, मग डावा गाल, हनुवटी, उजवा गाल. वरच्या ओठाला मात्र हात लावायचा नाही. फौजेचा नियमच होता तसा: १९१६ सालापर्यंत ब्रिटिश शिपायाला मिशी काढायची परवानगी नव्हती. उठला की माणूस गुळगुळीत, आणि रात्रीतून कुणी येऊन गेलं याचा त्याला पत्ता नाही.

"झोपलेल्या माणसाचा गाल खोटं बोलत नाही," असं पणजोबा म्हणायचे. नवीन आलेली पोरं मेल्यासारखी झोपायची. मुदतवाल्यांचं उलट. कंदील दारात आला की त्यांचे डोळे उघडेच. छताकडे बघत पडलेले. दात आवळलेले, गालाची शीर उडत असलेली. अशा माणसाची दाढी करणं फार जोखमीचं. पणजोबा आधी त्याच्या कपाळावर हात ठेवायचे आणि नुसते थांबायचे. शीर थांबली की वस्तरा उघडायचा.

अशा माणसासाठी पणजोबांचा एक शब्द होता. बाहेर येऊन आजोबांना म्हणायचे, "याला बोट लागली रे. चढायच्या आधीच."

गाडी लागते, बोट लागते, हे आपण सगळेच म्हणतो. प्रवासात पोटात ढवळतं ते. पणजोबांनी ते न झालेल्या प्रवासाला लावलं. बोट अजून मुंबईच्या धक्क्याला आलेली नाही, कदाचित इंग्लंडातूनही निघालेली नाही, आणि इथे माळावर, समुद्रापासून घाट चढून आल्यावर, माणसाला ती लागली आहे. मला वाटतं या दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन इंग्रजीत कुणी केलं नाही. त्यांनी दुखण्याला ते जिथे झालं त्या जागेचं नाव दिलं. आमच्या नाव्ह्यानं दुखण्याला त्याच्या कारणाचं नाव दिलं.

पणजोबांना बोटींची नावं तोंडपाठ होती, कारण त्यांचं पोट त्यावर होतं. इतर छावण्यांत पलटण वर्षानुवर्षं एका जागी असते, नाव्ह्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. इथे माणूस आज आहे, उद्या तार आली की गेला, दाढीचे पैसे बुडाले. म्हणून कुठली बोट कधी लागणार याची खबर त्यांना स्टेशनावरून, धोब्यांकडून, भिश्त्यांकडून काढावी लागे. जमना मुंबईला लागली म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मागायचा. उन्हाळ्यात तो प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात कुणी कुठे जात नसे.

मिशीची एक गोष्ट आजोबा नेहमी सांगत. वैशाखातली. एक मुदतवाला होता, सात-आठ वर्षं नोकरी झालेला, कधी कुणाशी वर आवाज नाही. एका पहाटे त्यानं पणजोबांचं मनगट धरलं आणि ओठावर बोट ठेवून खूण केली: मिशी काढ. पणजोबांनी मान हलवली. काढली असती तर पास गेला असता. त्यानं पुन्हा खूण केली, मग खिशातून रुपया काढून पुढे धरला. पणजोबांनी रुपया त्याच्या मुठीत परत मिटवला आणि पुढच्या खाटेकडे गेले. दुसऱ्या दिवशी तो माणूस बराकीच्या पायरीवर बसलेला दिसला, ओठ रक्ताळलेला. स्वतःच, बहुधा जेवणाच्या सुरीनं, खरवडून काढली होती. दोन शिपाई त्याला चौकीत घेऊन गेले. हातात घराकडे जायचा कागद असलेला माणूस कोठडीत गेला. आजोबा म्हणायचे, तो जाताना हसत होता, कारण त्या दिवशी त्याच्या आयुष्यात काहीतरी घडलं होतं.

हे नुसतं आमच्या घरातलं नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक शिपाई होता, हाही १८८३चाच जन्म, वेल्समध्ये कोळशाच्या खाणपट्ट्यात वाढलेला. १९०१ साली रॉयल वेल्श फ्युजिलियर्समध्ये भरती झाला, हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केली, पुढे पहिल्या महायुद्धात लढला. उतारवयात त्यानं दोन पुस्तकं लिहिली. त्यातलं 'ओल्ड सोल्जर साहिब' १९३६ साली आलं, कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या मदतीनं. हिंदुस्थानातल्या साध्या गोऱ्या शिपायाचं जगणं शिपायानंच लिहिलेलं असं ते दुर्मीळ पुस्तक आहे. त्यात तो देवळालीविषयी जे सांगतो ते असं: मुदत संपलेल्यांना इथे बोटीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे, काम काही नसे, सगळी नोकरी डाग न लागता केलेली माणसं इथे येऊन भानगडीत सापडत आणि तुरुंगात जात, आणि विचित्र वागणाऱ्या माणसाला 'डूलाली टॅप' झालाय म्हणायची रीत, त्याच्या मते, इथल्या रिकामपणातूनच आली. मी ते पान वाचलं तेव्हा मला रक्ताळलेल्या ओठाचा तो माणूस दिसला.

विलायतेत आजही अनेक जण समजतात की देवळालीत वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं आणि शब्द त्यावरून पडला. छावणी म्हटल्यावर दवाखाना होताच, आणि मन बिघडलेला शिपाई बोटीची वाट बघत त्या दवाखान्यातही पडून असणार. पण अशा शिपायाचा शेवटचा मुक्काम विलायतेत होता. साउदम्प्टनजवळ नेटली इथल्या प्रचंड लष्करी रुग्णालयात १८७० साली 'डी ब्लॉक' उघडला, तो खास फौजेतल्या मनोरुग्णांसाठी. इथून जाणारा वेडा तिथे पोचायचा. वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकली. इस्पितळ म्हटलं की दोष रोगावर जातो. बोटीचं वेळापत्रक म्हटलं तर तो कुणाच्या तरी टेबलावर जातो. मला रिचर्ड्सचं म्हणणं पटतं, कारण तो इथल्या शिपायांतला होता आणि पणजोबाही तेच म्हणत होते, दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसताना.

रिकामपणाची किंमत फक्त गोऱ्यांनी मोजली असंही नाही. १८६४च्या कँटोन्मेंट कायद्यानं छावण्यांतल्या वेश्यांची नोंद आणि सक्तीची तपासणी सुरू केली. मोठ्या छावण्यांजवळ 'लाल बाजार' असे. या बायकांची नावं रजिस्टरात आली, त्यांना आजारी ठरवून कोंडलं गेलं, आणि दुखणं गोऱ्याकडून आलं की त्यांच्याकडून, हे कुणी विचारलं नाही. पंखा ओढणारे, पाण्याची पखाल वाहणारे, मोरीचं काम करणारे. उन्हाळ्यात डोकं फिरलेल्या शिपायाची लाथ यांनाच बसायची. त्यांना काय झालं त्याला इंग्रजीत शब्द नाही. आजोबांच्या डाव्या कानामागे एक खूण होती. कशाची ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

आणि याच हवेला दुसरीकडे लोक वरदान मानत होते. मुंबईतल्या पारशी आणि गुजराती घरांत कुणाला अशक्तपणा आला, खोकला हटेना, की डॉक्टर म्हणायचे, देवळालीला जा. लॅम रोडवरचे बंगले, ओसरीवरच्या आरामखुर्च्या, सॅनेटोरियमच्या लांबलचक चाळी या त्या हवापालटासाठी उभ्या राहिल्या. १९२५ साली बार्न्स हायस्कूल मुंबईच्या भायखळ्याहून इथे आलं, मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून. पेशावरहून मुंबईत आलेलं फळांच्या व्यापाऱ्याचं एक पठाण कुटुंब पुढे देवळालीत राहिलं; त्यातला एक मुलगा बार्न्समध्ये शिकला, तो म्हणजे यूसुफ खान, आपले दिलीपकुमार. त्यांच्या आई-वडिलांच्या कबरी इथेच आहेत. एकाच माळावर, एकाच हवेत, एका बाजूला माणसं बरी होत होती आणि दुसऱ्या बाजूला बिघडत होती. फरक इतकाच की बंगल्यातल्या माणसाला ठाऊक होतं तो कधी परत जाणार ते.

पहिल्या महायुद्धात इथे मोठी लष्करी रुग्णालयं झाली, मेसोपोटेमियातून बोटीनं मुंबईला आलेले जखमी घाट चढून इकडे यायचे. आजोबा तेव्हा ऐन तरुण. झोपलेल्या माणसाच्या दाढीचं ज्ञान त्यांना तिथे कामी आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅम्प पुन्हा तुडुंब भरला. त्या वेळी तोफखान्याच्या नाट्यपथकात जिमी पेरी नावाचा एक तरुण सैनिक इथे होता. त्यानं पुढे डेव्हिड क्रॉफ्टच्या जोडीनं बीबीसीसाठी एक विनोदी मालिका लिहिली, 'इट एन्ट हाफ हॉट मम', १९७४ ते १९८१. कथा सुरू होते ती देवळालीतच. तीत हिंदी नोकराचं मुख्य काम मायकल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला रंग फासून केलं होतं आणि आज बीबीसी ती मालिका दाखवत नाही. मी दोन भाग पाहिले. मला पडद्यावर माझे आजोबा कुठे दिसले नाहीत.

युद्ध १९४५ला संपलं आणि पुन्हा तीच जुनी गोष्ट: माणसं जास्त, बोटी कमी. जानेवारी १९४६मध्ये कराचीपासून सुरुवात होऊन हिंदुस्थानातल्या अनेक तळांवर ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांनी काम बंद केलं, मागणी एकच, आम्हाला घरी पाठवा. मागच्या पिढ्यांचे मुदतवाले बराकीच्या पायरीवर एकेकटे मोडले होते. यांनी निदान एकत्र येऊन आवाज केला. पुढच्याच महिन्यात मुंबईत आपल्या नाविकांनी बंड केलं आणि सगळंच झपाट्यानं आवरायला लागलं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची तुकडी गेटवेच्या कमानीतून बोटीत चढली. ऐंशी-नव्वद वर्षं चाललेलं वाट पाहणं संपलं.

शब्द मात्र तिकडे गेलाच होता. आज पुण्या-मुंबईच्या तरुण मुलांना 'डूलाली' म्हटलं की २००९ साली पुण्यात सुरू झालेली बिअरची जागा आठवते. माझ्या भाचीनं मला सांगितलं तेव्हा तिला हे गाव कुठलं ते ठाऊक नव्हतं, आणि ती सुट्टीत इथेच येऊन राहिलेली. मी तिला खंडोबाच्या टेकडीवर नेलं, वरून बराकींची कौलं दाखवली. तोफखान्याचा सराव चालू होता. धाड झाली की पोटात हादरा बसतो, घरी कपाटातली भांडी वाजतात. ती म्हणाली, "आत्या, इथे राहून वेड लागत नाही का?" मी म्हटलं, "नाही गं. आम्हाला कुठे जायचंय?"

लेस्टरच्या त्या बाईला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की हे माझं गाव आहे, आणि तिथली माणसं वेडी नव्हती, ती घरी न्यायला येणाऱ्या बोटीची वाट बघत होती. ती गप्प झाली. मग तिनं दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता खिडकीतून पाहिलं तर तिनं दुसरी खुर्ची आणून आईशेजारी लावली होती. दोघी कोट घालून बसल्या होत्या.

गोरे गेल्यावर बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. सिंधमधून बोटीनं, रेल्वेनं माणसं येत होती, आणि सरकारनं जिथे छप्पर होतं तिथे त्यांना नेलं. कल्याण, पिंपरी, देवळाली. आज कॅम्पच्या बाजारात निम्म्या पाट्या ज्यांच्या आहेत, त्यांच्या आई-बापांनी पहिले महिने त्या बराकींत काढले. दोन खाटांच्या मधे गोधडीचा पडदा, पडद्याआड एक संसार. घर कधी मिळेल, धंदा कधी लागेल, मागे राहिलेला भाऊ येईल का, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी तर कुठल्याच दिवाळीला बोट यायची नव्हती.

आजोबा तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होते. छावणीचं काम थांबलं होतं. एका पहाटे ते जुन्या सवयीनं उठले, धोपटी घेतली, कंदील लावला आणि त्याच बराकीत गेले. दारात थांबून तळवे काचेवर शेकले. आत पाऊल टाकलं तर चुली पेटलेल्या. बायका पापड लाटत होत्या, एक म्हातारा मुलांना अंकलिपी घोकायला लावत होता, कुणी गाठोडं बांधून नाशिकच्या बाजारात विकायला निघाला होता. आजोबा कंदील धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या बराकीत त्यांनी पहाटे चार वाजता कुणाला कामाला लागलेलं पाहिलं नव्हतं. तो म्हातारा उठला, गालावरून हात फिरवला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. मिशीही काढ, म्हणाला. आजोबांनी वस्तरा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बराकीत जाग्या, बोलत्या माणसाची दाढी केली. कंदील विझवून.